पन्नास दिवसांची उधारी

आठवीच्या वर्गात चक्रवाढ व्याजाचा धडा सुरू केला की दर वर्षी एखादा तरी हात वर येतो. उर्दू माध्यमाच्या गणितात सरळव्याजाला 'सूद-ए-मुफरद' आणि चक्रवाढ व्याजाला 'सूद-ए-मुरक्कब' म्हणतात. मराठी माध्यमाच्या मुलासाठी 'व्याज' हा गणितातला एक शब्द असतो. आमच्या मुलांना 'सूद' हा शब्द घरातून, मशिदीतून आधीच माहीत असतो. म्हणून प्रश्न येतोच : "सर, सूद तो हराम है ना? फिर उसका हिसाब काईकू सीखना?"

माझं उत्तर ठरलेलं असायचं. "ज्याला हिशेब येत नाही, त्यालाच सूद आधी गाठतो." मुलांना ते पटायचं. मलाही पटायचं. बी.एड.च्या सराव पाठापासून मी ते देत आलो होतो. ते उत्तर अर्धंच आहे हे मला पुढे क्रेडिट कार्डानं शिकवलं. कारण हिशेब तर मला येत होता.

2021 साली बँकेच्या माणसानं मला कार्ड घ्यायला लावलं. शिक्षक म्हणजे त्यांना आवडतं गिऱ्हाईक. पगार बँकेतच जमा होतो, पेन्शन असो-नसो नोकरी टिकाऊ असते आणि माणूस चारचौघांत अब्रूला जपणारा असतो. त्यानं सांगितलं, "सर, पन्नास दिवसांपर्यंत व्याज नाही." मी कागद घरी आणून रात्री वाचला आणि गणिताच्या मास्तराला जे दिसायचं ते दिसलं. बिलाची तारीख 15. पैसे भरायची तारीख पुढच्या महिन्याची 5. म्हणजे 16 तारखेला घेतलेल्या किराण्याचे पैसे पन्नासाव्या दिवशी द्यायचे, 14 तारखेला घेतलेल्याचे एकवीस-बावीस दिवसांनी. सरासरी पस्तीस दिवस बँकेचा पैसा आपल्या हातात, फुकट.

मग मी घरचा सगळा खर्च कार्डावर टाकायला सुरुवात केली. किराणा, पेट्रोल, वीजबिल, औषधं, मुलीच्या शाळेची फी, असे महिन्याला साधारण 25 हजार. तेवढा पगार मी 6 टक्के देणाऱ्या एका बचत खात्यात वेगळा ठेवायचो आणि 5 तारखेच्या आदल्या दिवशी बिल भरायचो. वहीत हिशेब मांडला. सरासरी 28-29 हजार रुपये कायम माझ्याकडे पडून राहत होते. त्यांचं वर्षाचं व्याज 1,726. वर्षाच्या 3 लाखांच्या खर्चावर 1 टक्का परतावा, म्हणजे 3,000. त्यातून कार्डाची वार्षिक फी जीएसटीसह 590 वजा. निव्वळ नफा 4,136 रुपये.

रक्कम मोठी नव्हती. पण स्टाफरूममध्ये ती वही दाखवताना मला जो आनंद व्हायचा तो रकमेपेक्षा मोठा होता. ज्या बँकांनी भल्याभल्यांना लुटलं त्या बँकेकडून एक उर्दू शाळेचा मास्तर दर वर्षी चार हजार काढून घेतो, याचा तो आनंद होता.

हा उद्योग काही मी शोधून काढला नव्हता. ब्रिटनमध्ये 2000 नंतरच्या काही वर्षांत लोक तो पद्धतशीर करत होते. तिथल्या कार्ड कंपन्या गिऱ्हाईक ओढण्यासाठी सहा महिने, नऊ महिने शून्य टक्क्यानं पैसे द्यायच्या. लोक ते घेऊन बचत खात्यात ठेवायचे, मुदत संपली की दुसऱ्या कार्डावर फिरवायचे आणि व्याज खिशात घालायचे. त्याला 'स्टूझिंग' असं नावही पडलं. पुढे कंपन्यांनी रक्कम फिरवण्यावर 2-3 टक्के शुल्क लावलं. मार्च 2009 मध्ये बँक ऑफ इंग्लंडनं व्याजदर अर्ध्या टक्क्यावर आणला, तेव्हा बचत खात्यात मिळण्यासारखं काही उरलंच नाही.

आपल्याकडे तर शून्याला शून्य म्हणायचीच सोय नाही. सप्टेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, ते व्याज दुसऱ्या नावानं वसूल केलेलं असतं. तरीही 'नो कॉस्ट ईएमआय'च्या पाट्या दुकानोदुकानी आहेत. मी एकदा 36 हजारांच्या लॅपटॉपचा हिशेब मांडला. महिना 3,000 चे 12 हप्ते. वरवर पाहता व्याज नाही. आत मात्र 15 टक्के दरानं धरलेलं 2,762 रुपये व्याज होतं, ते कंपनीनं सूट म्हणून आधीच कापून दाखवलं होतं. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, 497 रुपये, माझ्याकडूनच जाणार होता. शिवाय प्रक्रिया शुल्क करासह 235. झाले 732. रोख दिले असते तर दुकानदार 1,500 कमी करायला तयार होता, ते वेगळेच. ते 36 हजार माझ्या 6 टक्क्यांच्या खात्यात ठेवून त्यातून हप्ते भरले असते, तर वर्षभरात व्याज मिळालं असतं 1,170. म्हणजे फुकटच्या लॅपटॉपमध्ये मला हजाराचा खड्डा.

दुसऱ्या एका कार्डाचा निरोप आला होता : एक लाखाची थकबाकी इकडे फिरवा, 90 दिवस शून्य टक्के, शुल्क फक्त 1 टक्का. एक टक्का ऐकायला किती लहान! पण तो तीन महिन्यांचा एक टक्का. जीएसटी धरून वर्षाला पावणेपाचाच्या घरात. 1,180 रुपये देऊन लाख रुपये 5 टक्क्यांच्या ठेवीत टाकले तर 90 दिवसांनी 1,233 मिळणार. नफा 53 रुपये. आणि एक दिवस चुकला तर कार्डाचा नेहमीचा दर, महिना साडेतीन टक्के. मी तो निरोप पुसून टाकला. मी हुशार होतो ना!

माझा नफा ऐकून अब्बांनी एक प्रश्न विचारला होता. अब्बा गिरणीतले. सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा मी दुसरीत होतो. ते म्हणाले, "बँक को क्या मिलता इसमें? कोई अपनी जेब से काईकू देगा?"

मी शिकवायच्या आवेशात सांगितलं की दुकानदार देतो. आपण कार्ड घासलं की दुकानदाराच्या शंभरातले दीड-दोन रुपये कापले जातात, त्यातलाच एक मला परत येतो.

"मतलब अप्पा के पास से लेके तेरेकू देते."

अप्पा म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार. आता दुकान त्यांचा मुलगा पाहतो, गल्ल्याजवळ स्वाइप मशीन आहे. त्याच दुकानात आमची लाल कापडी पुठ्ठ्याची उधारीची वही होती. गिरणी बंद झाली तेव्हा अप्पांनी चार महिने उधारी थांबवली नाही. अम्मीनं विड्या वळून ती फेडली, मजुरीच्या दिवशी थोडी थोडी. अप्पांनी व्याज लावलं नाही. खोटं कशाला बोलू, त्या वहीचीही किंमत होती. उधारीच्या गिऱ्हाइकाला तांदूळ निवडून घेता येत नसे, भाव विचारता येत नसे आणि दुसऱ्या दुकानात जाता येत नसे. शेजारणीसमोर अप्पांनी वही उघडली की अम्मी पदर सारखा करायची. तरी वही चुकली तर काय होणार हे दोन्हीकडच्या माणसांना ठाऊक होतं. अप्पा घरी येतील, ओट्यावर बसतील, चहा घेतील आणि विचारतील. इतकंच.

2023 ची रमजान ईद 22 एप्रिलला झाली. त्या हंगामात कपडे, अब्बांचा चष्मा, पाहुणे असं मिळून बिल 46,800 आलं. आदल्याच महिन्यात मी मोठ्या शहाणपणानं बिल खात्यातून आपोआप वळतं व्हावं अशी सोय करून ठेवली होती, म्हणजे तारीख चुकायची धास्ती नको. फॉर्ममध्ये दोन चौकोन होते : 'एकूण देय रक्कम' आणि 'किमान देय रक्कम'. खूण दुसऱ्या चौकोनात पडली, की आधीच पडलेली होती आणि मी पाहिली नाही, हे आता मला सांगता येत नाही. सही माझी आहे.

ठरल्या तारखेला खात्यातून 2,340 रुपये गेले. 'आपले पेमेंट मिळाले, धन्यवाद' असा निरोप आला. मी रकमेकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढचं बिल आलं तेव्हा त्यात व्याज होतं 2,742 आणि त्यावर जीएसटी 494. एकूण 3,236.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चूक बँकेचीच असणार या खात्रीनं बसलो होतो. पण आकडे बरोबर होते. पूर्ण बिल भरलं नाही की पन्नास दिवसांची सवलत नुसती पुढे बंद होते असं नाही, ती मागेही काढून घेतली जाते. प्रत्येक खरेदीवर, खरेदीच्या तारखेपासून व्याज. मी शेवया घेतल्या त्या दिवसापासून. इतकंच नाही, तर ईदनंतर घेतलेल्या 20 हजारांच्या नव्या सामानावरही पहिल्या दिवसापासून मीटर सुरू. लगेच सगळे पैसे भरले, तरी बिल निघाल्यापासून भरेपर्यंतच्या दिवसांचं शे-दोनशे व्याज पुढच्या बिलात शेपटीसारखं आलंच. वर्षभर मुंगीसारखे गोळा केलेले चार हजार एका खुणेनं गेले.

तेव्हाच मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. खूण बदलली आणि पुन्हा वही सुरू केली. आपल्याला धडा मिळाला, आता आपण चुकणार नाही, असं वाटलं. आणि वाईट गोष्ट अशी की स्टाफरूममध्ये मी ते चार हजार मिळाल्याचं सगळ्यांना सांगितलं होतं. गेल्याचं कुणालाच सांगितलं नाही.

आमच्या शाळेत एक तरुण शिक्षक आहे. त्याचं नाव लिहीत नाही. सगळे त्याला 'छोटे' म्हणतात, मीही तेच लिहितो. शिक्षण सेवकाची तीन वर्षं काढून तो नुकता कायम झाला होता. माझी वही त्यानं मन लावून पाहिली होती. त्यानंही कार्ड घेतलं, मग दुसरं घेतलं. 2024 च्या रमजानआधी त्याच्या बहनोईला चपलांच्या दुकानात माल भरायचा होता. छोटेनं 80 हजारांचा माल कार्डावर घेऊन दिला आणि बिल दुसऱ्या कार्डावर फिरवलं, तीन महिने शून्य टक्क्यानं. हिशेब बरोबर होता : ईदेत माल विकला जाईल, बहनोई पैसे देईल, मुदतीच्या आत कार्ड मोकळं. भावाभावांच्या मदतीवर सूद नको, म्हणून तर त्यानं हा रस्ता धरला होता. फक्त माल विकला गेला नाही.

मला हे डिसेंबरमध्ये कळलं, तेही त्यानं सलग तिसऱ्या महिन्यात माझ्याकडे चार हजार उसने मागितले म्हणून. शाळा सुटल्यावर त्याला वर्गात बसवलं आणि बिलं मागितली. फळ्यावर अजून सकाळचं समीकरण तसंच होतं. त्याखाली मी मांडत गेलो. 80 हजारांवर महिना साडेतीन टक्के म्हणजे 2,800. त्यावर जीएसटी 504. झाले 3,304. किमान रक्कम 5 टक्के, म्हणजे 4,000. चार हजार भरले की मुद्दल किती कमी झालं? 696. पाच महिन्यांत त्यानं साडेएकोणीस हजारांवर भरले होते आणि मुद्दलातले साडेतीन हजारही फिटले नव्हते.

छोटे विज्ञान शिकवतो, गणित त्याचंही चांगलं आहे. त्यानं फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाई, मेरेकू मालूम था. हर महिने मालूम था." थोड्या वेळानं म्हणाला, "आपकी कॉपी में ये वाला पन्ना नहीं था."

तो आठवडा माझ्या लक्षात आहे, कारण त्याच दिवसांत स्टाफरूमच्या वर्तमानपत्रात बातमी होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 मध्ये म्हटलं होतं की क्रेडिट कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. 20 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. व्याजदर ठरवणं हे आयोगाचं काम नाही, ते रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येतं, असं न्यायालयाचं म्हणणं. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच असेल. पण महिना साडेतीन म्हणजे वर्षाचे 42 टक्के होतात, हे स्टाफरूममध्ये मी पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. तोपर्यंत मी फक्त पन्नास दिवसांबद्दल बोलत आलो होतो.

अब्बांच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मला त्या फळ्यावर मिळालं. माझे पन्नास दिवस फुकट नव्हतेच. त्यातले थोडे अप्पांच्या मुलाच्या गल्ल्यातून येत होते आणि बाकीचे छोटेसारख्यांच्या 3,304 मधून. बँक माझ्यासारख्याला सांभाळते ती दोन आशांवर. एक, हा कधी तरी चुकेल. दोन, हा चार जणांना सांगेल आणि त्यातला एखादा चुकेल. माझ्या बाबतीत दोन्ही आशा पुऱ्या झाल्या. मी बँकेला फसवत नव्हतो, तिची जाहिरात करत होतो, आणि तिचे मला वर्षाला 4,136 रुपये मिळत होते.

सूद हराम की हलाल, या वादात माझ्यासारख्यानं शिरू नये. आलिम लोक त्यासाठी आहेत. कार्ड वेळेत भरलं तर सूद लागत नाही, मग हरकत काय, असं म्हणणारे मला भेटले. उशीर झाल्यास सूद देईन असं सही करून कबूल करणं हेच गैर, असं म्हणणारेही भेटले. बचत खात्यावरचं व्याज पुण्याची इच्छा न धरता गरजूला देऊन टाकणारी माणसं आमच्या मोहल्ल्यात पुष्कळ आहेत. मी देत नव्हतो, कारण ते मला 'कमाई' वाटत होतं. सूरह बकरात सूदाबद्दलच्या आयतींना लागूनच दोन गोष्टी सांगितल्या आहेत, त्या मात्र मला कुणाकडून समजून घ्यायची गरज वाटत नाही. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत द्या. आणि मुदतीचा व्यवहार केला तर तो साक्षीनं लिहून ठेवा. ही दुसरी आयत साऱ्या कुरआनात सगळ्यात लांब आहे. आमच्यात भिडेपोटी नेमकं हेच राहून जातं. छोटेनं बहनोईकडून एक चिठ्ठीसुद्धा लिहून घेतली नव्हती.

छोटेला पतपेढीतून कर्ज मिळण्यासारखं नव्हतं. बहिणीच्या लग्नासाठी त्यानं ते आधीच घेतलं होतं. जानेवारी 2025 मध्ये मी माझ्या नावावर शिक्षक पतपेढीतून 80 हजार काढले, 10 टक्क्यांनी, दोन वर्षांसाठी. त्याच्या कार्डाची थकबाकी, चालू महिन्याच्या व्याजासकट, एकदम भरली. नुसतं पैसे भरून कार्ड संपत नाही. ते बंद करण्याचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे, बाकी नसेल तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये दंड गिऱ्हाइकाला द्यावा लागतो. तो अर्ज आम्ही दोघांनी बसून लिहिला.

छोटे मला दर महिन्याला 3,200 देतो, 25 हप्ते, बिनव्याजी. त्याला कर्ज-ए-हसना म्हणतात. पतपेढीला त्या दोन वर्षांत द्यायचं साडेआठ हजारांचं व्याज माझं. म्हणजे सूद मी देतोच आहे. याबद्दल मला कुणी शाबासकी द्यावी असं नाही, आणि धर्माच्या दृष्टीनं हे कितपत बसतं तेही मी विचारलेलं नाही. माझ्या वहीतल्या दोन वर्षांच्या नफ्याची ती किंमत आहे असं धरून मी चाललो आहे. हिशेब जवळजवळ जुळतो.

घरी बायकोला हे सांगायला मला आठवडा लागला. ती मोहल्ल्यातली बारा बायकांची भिशी चालवते. बिनव्याजी, कागदाशिवाय, एकाही हप्त्याची चूक नाही. तिनं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "लिख के लिया ना उससे?"

लिहून घेतलं आहे. शंभर पानी वही आहे, पहिल्या पानावर रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या आणि साक्षीदार म्हणून अब्बांची सही. पगार झाला की छोटे पाकीट आणतो. मी पैसे मोजतो, तो लिहितो, मी सही करतो. एकदा त्याला उशीर झाला. तो डोळे चुकवत होता, म्हणून मीच त्याच्या घरी गेलो. चहा घेतला. पुढच्या महिन्यात त्यानं दोन हप्ते दिले.

कार्ड मी अजून ठेवलं आहे. रेल्वेच्या तिकिटाला, दवाखान्याच्या अडीनडीला ते उपयोगी पडतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. बिल आलं की त्याच दिवशी पूर्ण भरतो. पन्नास दिवस मोजणं सोडलं.

या वर्षीही आठवीत तो हात वर आला. या वेळी मी ठरलेलं उत्तर दिलं नाही. फळ्यावर 80,000 लिहिलं, त्याखाली 3,304, त्याखाली 4,000, आणि विचारलं, "बताओ, असल कितना कम हुआ?" वर्गात थोडा वेळ पेन्सिलींचा आवाज होता. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सिर्फ छे सौ छियानवे, सर?" तिचा बाप मागावर काम करतो. ती म्हणाली, "ये तो हमारे चाचा का हिसाब है."